मॉरिशसचं २०२४: एका छोट्या बेटाच्या मोठ्या वर्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हणजे हनिमूनचं बेट. तिथं वर्षभरात असं काय घडणार?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की हे पान लिहायला बसलो, ते त्यामुळेच. २०२४ या एका वर्षात त्या देशानं चक्रीवादळात बुडालेली राजधानी पाहिली. यात्रेतली आग पाहिली. साठ वर्षं हातात नसलेली बेटं परत मिळण्याचा करार पाहिला, फोन टॅपिंगचं प्रकरण पाहिलं, एका रात्रीत बंद झालेलं समाजमाध्यम पाहिलं, आणि सत्ताधाऱ्यांना एकही जागा न देणारी निवडणूक पाहिली. मोठ्या देशात एवढं घडलं असतं तर आपल्या वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे चर्चा लावल्या असत्या. देश लहान, म्हणून आपल्याकडे त्याची चार ओळींची बातमी झाली.

तिथल्या एका मराठी कुटुंबाशी माझा बऱ्याच वर्षांचा स्नेह आहे. त्यामुळे हे वर्ष मी जवळजवळ रोज फोनवरून ऐकलं. त्यातून उरलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

देश नेमका केवढा आहे?

मुख्य बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. रॉड्रिग्ज, आगालेगा वगैरे बेटं धरली की देश २,०४० चौरस किलोमीटरच्या आसपास जातो. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. राजधानी पोर्ट लुई. बहुतेक लोक घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये वाचतात आणि संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं. भोजपुरी एके काळी खेड्यापाड्यांत सर्रास होती, आता ती आजी-आजोबांच्या तोंडी जास्त.

वर्षाची सुरुवात वादळानं झाली म्हणतात, ते काय होतं?

१५ जानेवारी, सोमवार. आपल्याकडे त्या दिवशी संक्रांत होती. बेलाल नावाचं चक्रीवादळ शेजारच्या रेयुनियन बेटाला भिडून मॉरिशसजवळून जात होतं. मॉरिशसमध्ये वादळाचे इशारे एक ते चार अशा वर्गांत दिले जातात, आणि कोणता वर्ग लागला यावर शाळा, कचेऱ्या, बस, सगळं ठरतं. तिथलं लहान मूलसुद्धा 'आज कितवा वर्ग?' असं विचारतं. त्या दिवशी सकाळी माणसं नेहमीसारखी कामावर गेली, आणि मग पोर्ट लुईत पाणी चढलं. रस्त्यांवरच्या गाड्या होड्यांसारख्या वाहत एकमेकींवर आदळत होत्या. माणसं गाड्यांच्या टपांवर चढून बसली होती.

पोर्ट लुईला हे नवं नाही. डोंगरांच्या कुशीत आणि बंदराच्या काठावर वसलेलं ते शहर आहे. डोंगरावरचं पाणी काही मिनिटांत खाली येतं. ३० मार्च २०१३ च्या अशाच पुरात ११ जण गेले होते, ती आठवण ताजी होती. म्हणूनच लोकांचा राग निसर्गावर नव्हता. 'आम्हाला सकाळी घराबाहेर पडू का दिलं?' हा त्यांचा प्रश्न होता. हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. लोकांना वेळेवर काही सांगितलं नाही, ही भावना मात्र तिथं थांबली नाही. पुढचं सगळं वर्ष ती वेगवेगळ्या रूपांत डोकं वर काढत राहिली.

१ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या सुट्ट्या कशाच्या?

१ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस. १८३५ साली तिथं गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. आफ्रिकेतून, मादागास्करमधून आणलेल्या माणसांचे वंशज त्या दिवशी बेटाच्या नैर्ऋत्य टोकाच्या ल मोर्न डोंगरापाशी जमतात. पळून गेलेले गुलाम त्या उभ्या कड्यावर आसऱ्याला राहत. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे.

२ नोव्हेंबर हा गिरमिटियांच्या, म्हणजे करारानं बांधून आणलेल्या मजुरांच्या, आगमनाचा दिवस. १८३४ मध्ये 'ॲटलस' जहाजातून मजूर उतरले, आणि पुढच्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली, बहुतेक हिंदुस्थानातली. ती जिथं उतरत त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या अजून जपून ठेवल्या आहेत. बिहार, तमिळ आणि तेलुगू मुलूख यांच्याबरोबर मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडचे लोकही गेले. दोन वेगवेगळ्या दुःखांना एकाच दिनदर्शिकेत सुट्टी देणारा हा देश आहे, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

महाशिवरात्रीच्या यात्रेत काय दुर्घटना घडली?

बेटाच्या मधोमध ग्राँ बासिन नावाचा तलाव आहे. लोक त्याला गंगा तलाव म्हणतात. १९७२ मध्ये त्यात भारतातून आणलेलं गंगाजल ओतलं गेलं. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस सगळ्या बेटावरून माणसं पांढऱ्या कपड्यांत चालत तिकडे निघतात. वाटेवरच्या घरांतून त्यांना पाणी, सरबत, खाणं दिलं जातं. देणारा हिंदूच असेल असं नाही. आपल्या वारीची आठवण व्हावी असं ते दृश्य असतं.

बांबू आणि लाकडाचे कांवर, म्हणजे यात्रेतल्या कावडी, सजवून नेण्याची तिथं चढाओढ लागते, आणि गेल्या काही वर्षांत हे कांवर चाकांवरच्या रथांएवढे मोठे झाले आहेत. ३ मार्च २०२४, रविवारी असा एक उंच कांवर विजेच्या तारांना लागला, पेटला, आणि सहा यात्रेकरू गेले. सणाला अजून पाच दिवस होते.

यानंतर कांवरांच्या उंचीवर बंधनं घालण्याबद्दल कळकळीनं बोललं गेलं. माझं मत स्पष्ट आहे: श्रद्धेला उंची लागत नाही, आणि रात्री रस्त्यावर तरुण पोरं चालत असतील तर तारा किती उंचीवर आहेत हे आधी पाहणं हे मंडळांचं आणि प्रशासनाचं दोघांचं काम आहे. आपल्याकडच्या मिरवणुकांत असे अपघात होत नाहीत असं कोण म्हणेल?

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथं कशासाठी गेल्या होत्या?

१२ मार्च हा मॉरिशसचा राष्ट्रीय दिन. १९६८ साली याच तारखेला स्वातंत्र्य मिळालं आणि १९९२ साली याच तारखेला देश प्रजासत्ताक झाला. तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेशी जुळते. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना तिथं काही दिवस थांबले होते. २०२४ च्या सोहळ्याला मुर्मू प्रमुख पाहुण्या होत्या, नऊ दिवसांपूर्वीच्या त्या आगीच्या छायेत.

त्या भेटीतली खरी बातमी वेगळी होती. भारतीय मूळ असलेल्या मॉरिशसच्या सातव्या पिढीलाही आता ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड मिळू शकेल, असं त्यांनी जाहीर केलं. याचं महत्त्व कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: १८४० च्या सुमारास कोकणातून गेलेल्या माणसाचा आजचा वंशज सहाव्या-सातव्या पिढीतला असतो. त्याच्याकडे गावाचं नाव नसतं. असतो तो जहाजाच्या नोंदवहीतला, इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेला एक उच्चार. आडनावंही बहुतेक अशीच ठरली. पणजोबाचं पाळण्यातलं नाव सगळ्या कुळाचं आडनाव होऊन बसलं.

त्याच्या महिनाभर आधी, १२ फेब्रुवारीला, मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रूपे कार्ड सुरू झालं होतं. पर्यटकांना त्याचा उपयोग जास्त.

आगालेगा कुठं आहे, आणि त्याचं नाव भारताबरोबर का येतं?

मुख्य बेटाच्या उत्तरेला सुमारे ११०० किलोमीटरवर दोन चिंचोळी बेटं आहेत, तीच आगालेगा. वस्ती ३०० च्या आसपास, नारळाची झाडं, आणि आतापर्यंत जहाज कधी येईल त्यावर सगळं जगणं. तिथं भारताच्या पैशानं तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला गेला. २९ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीनं त्यांचं उद्घाटन केलं.

भारतात याकडे हिंदी महासागरातलं मोठं पाऊल म्हणून पाहिलं गेलं, आणि ते आहेच. मॉरिशसमध्ये मात्र वर्षानुवर्षं एक शंका बोलली जात होती, की हा लष्करी तळ तर नाही? सरकारनं ते नाकारलं. मला यात तिथल्या लोकांची भीती समजते. चागोसच्या माणसांचं काय झालं हे त्यांनी पाहिलंय (खाली त्याबद्दल सविस्तर लिहिलंय). आजारी बाईला वेळेवर दवाखान्यात नेणारं विमान हवं, हे आगालेगाचे लोकही म्हणतात. आपल्या बेटाचं पुढे काय होणार हे आपल्याला कुणी समोर बसून सांगत नाही, ही त्यांची तक्रार आहे.

मधल्या महिन्यांत काय चालतं?

जून ते सप्टेंबर तिथं हिवाळा. उसाची तोड साधारण जूनच्या शेवटी सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. रस्त्यांवर उसाच्या गाड्या, हवेत मळीचा वास. अर्थसंकल्प जूनमध्ये येतो. २०२४ चा अर्थसंकल्प निवडणुकीचाच होता. महापालिकांच्या निवडणुका मात्र पुन्हा झाल्या नाहीत. त्या २०१५ नंतर लांबत लांबत अखेर मे २०२५ मध्ये झाल्या. मला वाटतं, पुढे जो निकाल लागला त्याची पाळंमुळं या न झालेल्या मतदानातही होती.

तिथं खरंच गणपतीची सार्वजनिक सुट्टी असते?

हो, देशभर. आणि ही सुट्टी मराठी समाजाच्या नावानं आहे. हिंदी भाषकांची महाशिवरात्र, तमिळांचं थैपूसम कावडी, तेलुगूंचा उगादी, चिन्यांचं नववर्ष, मुसलमानांची ईद, ख्रिस्ती लोकांचा नाताळ, तसा मराठी माणसांचा गणपती. मराठी समाज तिथं आकारानं लहान आहे, तरी दिनदर्शिकेत त्याची एक तारीख पक्की आहे.

बारकावा असा की सुट्टी चतुर्थीला नसते. ती दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते, कारण तिथला गणपती मुख्यतः दीड दिवसाचा, कोकणातल्या घरोघरच्या रिवाजासारखा. उत्सवाची सुरुवात १८९६ ची सांगतात, टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. कास्कावेल, हेन्रिएटा अशा वस्त्यांमधून मूर्ती डोक्यावर घेऊन लोक चालत नदीला, समुद्राला जातात. पुढे झाकडी नाचणारी पोरं. आपल्या रत्नागिरीकडची जाखडी तीच. दीडशेहून अधिक वर्षं समुद्रापलीकडे राहून पायांचा ठेका टिकला, आणि दोन अक्षरं तेवढी बदलली.

२०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आली आणि विसर्जनाची सुट्टी रविवारी, ८ तारखेला. म्हणजे मुलांची शाळेची सुट्टी बुडालीच. पण त्या रविवारी एक योग जुळून आला. ८ सप्टेंबरच्या रात्री बेटावरचे हजारो लोक सेंत क्रुआ इथल्या फादर लावालांच्या समाधीकडे चालत जातात. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांमध्ये काम करणारा हा फ्रेंच धर्मोपदेशक ९ सप्टेंबर १८६४ ला वारला. त्या यात्रेत हिंदू असतात, मुसलमानही असतात. दुपारी बाप्पाला निरोप आणि रात्री फादर लावालांच्या समाधीची वाट, असा तो एकच दिवस होता.

तिथले मराठी लोक मराठी बोलतात का?

घरात बहुतेक क्रिओल. मराठी आहे ती आरतीत, भजनात, लग्नाच्या विधीत आणि शाळेत. सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, मँडरिन यांच्याबरोबर मराठीही विषय म्हणून घेता येते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षण मिळतं. सरकारी वाहिनीवर मराठी कार्यक्रम असतात. एप्रिल २०२३ मध्ये तिथं छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला.

कुणी म्हणेल, बोलत नाहीत तर मराठी कसले? मी हे ऐकून घेत नाही. माझ्या स्नेह्यांची आई 'सुखकर्ता दुखहर्ता' सगळी कडवी न अडखळता म्हणते आणि नंतर क्रिओलमध्ये सुनेला विचारते, भात लावलास का. तिचं मराठीपण मोजायला आपल्याकडे माप नाही.

चागोसचं प्रकरण थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात सांगणं अन्याय होईल, तरी प्रयत्न करतो.

मॉरिशसच्या ईशान्येला दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे चागोस द्वीपसमूह आहे. १९६५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटननं तो मॉरिशसपासून तोडला आणि तीस लाख पौंड दिले. त्यांतलं सर्वांत मोठं बेट, दिएगो गार्सिया, अमेरिकेला लष्करी तळासाठी हवं होतं. तळाला रहिवासी नको होते. १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसांना तिथून काढलं. आधी बाहेर गेलेल्यांना परतू दिलं नाही, मग बेटांवर सामान पाठवणं कमी केलं, मग उरलेल्यांना जहाजांत घातलं. त्यांची कुत्री मारून टाकली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या या लोकांना ना घर होतं, ना काम. नारळाच्या मळ्यांत जन्म काढलेली माणसं शहराच्या कडेच्या पत्र्याच्या झोपड्यांत राहिली. काहींचे वंशज पुढे इंग्लंडमध्ये क्रॉलीला गेले.

त्यांनी लढा सोडला नाही. लंडनच्या न्यायालयांपासून सुरू झालेली वाट २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोहोचली. तिथं लिझबी एलिझे या चागोसियन बाईनं आपल्या क्रिओल भाषेत आपली कहाणी सांगितली. वीस वर्षांची असताना, पोटात मूल असताना, तिला जहाजात घातलं होतं. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयानं मत दिलं: चागोसची मॉरिशसपासूनची ही तोडणी बेकायदा होती, ब्रिटननं शक्य तितक्या लवकर तिथला कारभार संपवावा. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला.

आणि मग ३ ऑक्टोबर २०२४ ला ब्रिटन आणि मॉरिशसच्या पंतप्रधानांनी संयुक्त निवेदन काढलं, की चागोसवर मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य, दिएगो गार्सियाचा तळ मात्र दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं चालू राहील. देशात आनंद झाला, आणि तो खरा होता. त्या दिवशी मला तिकडून आलेला फोन मी विसरणार नाही. पलीकडून शब्द येत नव्हते.

पण चागोसियन लोकांतल्या अनेकांनी तेव्हाच विचारलं, वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही कुठं होतो? इतर बेटांवर पुन्हा वस्ती करण्याची मुभा या समझोत्यात आहे. दिएगो गार्सियावर जन्मलेल्याला मात्र आपल्या गावी परतता येणार नाही. सरकार बदलल्यावर अटींचा फेरविचार झाला आणि अखेर २२ मे २०२५ ला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासह करारावर सह्या झाल्या. झेंडा कुणाचा, हे त्या कागदावर ठरलं. चागोसच्या म्हाताऱ्या बायकांना मात्र आईच्या थडग्यावर फुलं ठेवायची आहेत. माझ्या लेखी हा प्रश्न आधीचा आहे.

'मिस्ये मुस्तास' कोण?

ते कुणालाच उघडपणे ठाऊक नव्हतं. क्रिओलमध्ये या नावाचा अर्थ 'मिशीवाले साहेब'. चागोसच्या आनंदाला पंधरा दिवसही झाले नसतील, तोच या नावाच्या खात्यांवरून फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर येऊ लागल्या. राजकारणी, पत्रकार, वकील, अगदी परदेशी राजदूतावासातल्या व्यक्तींचीसुद्धा बोलणी. निवडणूक जाहीर झाली होती, आणि रोज संध्याकाळी लोक नवी फीत येण्याची वाट पाहत होते.

सरकारनं सांगितलं की या फिती कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या, बिघडवलेल्या आहेत. लोकांना ते पटलं नाही. त्याच वर्षी सगळ्यांना सिमकार्डांची फेरनोंदणी, फोटोसकट, सक्तीनं करायला लावली होती. त्यामुळे 'आपलं कोण ऐकतंय?' ही शंका आधीच घरोघर होती.

मग १ नोव्हेंबरला दूरसंचार नियामकानं सगळं समाजमाध्यम ११ तारखेपर्यंत, म्हणजे मतदान होऊन जाईपर्यंत, बंद ठेवण्याचा हुकूम काढला. दिवाळीचे दिवस होते ते. परदेशातली मुलं आईबापांना दिव्यांचे फोटो पाठवत होती, घरगुती फराळ विकणाऱ्या बायकांच्या ऑर्डरी फेसबुकवर होत्या. सगळं एका सकाळी थांबलं. आमचं बोलणंही साध्या आंतरराष्ट्रीय कॉलवर आलं, आणि पलीकडचा माणूस प्रत्येक वाक्याआधी थबकत होता. ते थबकणं मला कुठल्याही बातमीपेक्षा जास्त सांगून गेलं.

विरोधी पक्ष, पत्रकार, व्यापारी सगळे उठले. साधारण चोवीस तासांत, २ नोव्हेंबरला, बंदी मागे घ्यावी लागली. गिरमिटियांच्या आगमनाच्या दिवशीच.

६० विरुद्ध ० हे खरंच झालं? कसं?

झालं. १० नोव्हेंबर २०२४ ला मतदान, दुसऱ्या दिवशी मतमोजणी. दहा लाख मतदारांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिलं. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तिघे निवडून येतात, म्हणजे ६० जागा. त्या साठच्या साठ नवीनचंद्र रामगुलाम यांच्या 'आलियान्स द्यु शांझमां', म्हणजे परिवर्तन आघाडीला गेल्या. रॉड्रिग्जच्या दोन जागा तिथल्या स्थानिक पक्षाला. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी मोजणी पूर्ण होण्याआधीच पराभव मान्य केला. ते स्वतःही पडले.

आकड्याला फसू नका. विजयी आघाडीची मतं साठ टक्क्यांहून थोडी जास्त होती, शंभर टक्के नव्हेत. प्रत्येक मतदार तीन नावांवर खूण करतो, आणि लाट आली की तिन्ही खुणा एकाच बाजूला जातात. त्यामुळे हा विक्रम तिथं तिसऱ्यांदा घडला. १९८२ मध्ये राष्ट्रपिता मानले जाणारे शिवसागर रामगुलाम असेच साठ-शून्यानं हरले आणि अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. १९९५ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ साठ-शून्यानं हरले, जिंकले शिवसागरांचे पुत्र नवीन. २०२४ मध्ये अनिरुद्धांचे पुत्र प्रविंद हरले, आणि पुन्हा नवीन, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. स्वातंत्र्यानंतर या दोन घराण्यांबाहेरचा पंतप्रधान एकच, २००३ ते २००५ मधले पॉल बेराँजे, आणि तेही २०२४ मध्ये उपपंतप्रधान म्हणून याच आघाडीत होते.

दोन घराण्यांत फिरणाऱ्या सत्तेबद्दल मी खूश नाही, तिथले तरुणही नाहीत. पण चक्रीवादळ, महागाई, फोनवरचे कान आणि समाजमाध्यमावरची कात्री, हे सगळं पोटात ठेवून लोक रांगेत शांतपणे उभे राहिले, आणि एक दगड न फिरकावता सरकार गेलं. हे जगात दर वर्षी सगळीकडे होत नाही.

मग विरोधी पक्षात कोणीच नाही?

आहेत, ते 'बेस्ट लूझर' पद्धतीमुळे. राज्यघटनेत अशी सोय आहे की कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतल्या, पण पराभूत झालेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा देता येतात. हिशोब अजूनही १९७२ च्या जनगणनेचा धरतात, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. ज्या देशानं माणसाला त्याची जात-जमात विचारणं थांबवलं, त्याच्याच निवडणुकीत पन्नास वर्षांपूर्वीचं उत्तर वापरलं जातं. ही गाठ सोडवायला हवी असं तिथं सगळेच म्हणतात. सोडवली की कुणाचा तरी आधार जाईल, म्हणून कुणी हात घालत नाही.

निवडणुकीनंतर वर्ष कसं संपलं?

डिसेंबरमध्ये धरम गोकुळ नवे राष्ट्रपती झाले. नव्या सरकारनं आधीचे आर्थिक आकडे फुगवलेले होते असा आरोप केला. बाजारात लिची आली, रस्त्याकडेचे गुलमोहर पेटले. तिथं गुलमोहर नाताळात फुलतो.

आणि ११ डिसेंबरला चिडो नावाचं वादळ आगालेगावरून गेलं. फेब्रुवारीत ज्या बेटाचं नाव दोन पंतप्रधानांच्या तोंडी होतं, तिथली घरं मोडली. तीन दिवसांनी त्याच वादळानं मायोत बेट उद्ध्वस्त केलं, आणि जगाचे कॅमेरे साहजिकच तिकडे गेले. आगालेगाच्या तीनशे माणसांची बातमी फार लांब पोहोचली नाही. इथं लिहून ठेवतो.

मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणावं का?

मी म्हणत नाही, आणि तुम्हीही म्हणू नये असं वाटतं. दोन तृतीयांशांच्या आसपास लोक भारतीय मुळाचे आहेत, हे खरं. पण त्या बेटावर आधी गुलाम म्हणून आणलेल्यांचा, चिनी दुकानदारांचा, फ्रेंच मळेवाल्यांचाही देश आहे, आणि सगळ्यांना जोडणारी भाषा क्रिओल आहे. शिवाय भारतीयांतही तिथं एकच रंग नाही. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला, तेव्हा तमिळ समाजानं आक्षेप घेतला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या. आजही तमिळ वर, हिंदी खाली.

डाळपुरी खा रस्त्यावर उभं राहून, मग 'हे तर आपलंच' म्हणा हवं तर. पण त्यावरची चटणी त्यांची आहे.

जायचं असेल तर कधी जावं?

सप्टेंबर ते नोव्हेंबर हवा उत्तम. जानेवारी ते मार्च वादळांचे महिने, तेव्हा 'आज कितवा वर्ग?' हे विचारायला शिका. मुंबईहून थेट विमानानं सहा-साडेसहा तास, घड्याळ आपल्यामागे दीड तास. २०२४ मध्ये सुमारे १३.८ लाख पर्यटक आले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून जास्त. त्यांतले बहुतेक किनाऱ्यावरच राहतात. तुम्ही एक दिवस आत जा. गणपतीत गेलात तर चतुर्थीच्या संध्याकाळीच कास्कावेल गाठा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मूर्ती निघालेली असते. मोदक मिळतील, आरतीला हाक मारतील. नाव विचारतील, आणि मग गाव. गावाचं नाव सावकाश, स्पष्ट सांगा. समोरचा माणूस ते बहुधा कागदावर लिहून घेईल.